रोटरच्या पोटातलं तेल

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या माझदा आरएक्स-७ या दोन दरवाजांच्या स्पोर्ट्स कारमधून १९८३च्या मॉडेलपासून एक भाग नाहीसा झाला. तोपर्यंत गाडीच्या नाकाखाली, रेडिएटरच्या खालच्या अंगाला, ॲल्युमिनियमचा एक आडवा ऑइल कूलर असे. समोरचा वारा त्याच्या जाळीतून जाई आणि इंजिनातून तापून आलेलं तेल निवून परत जाई. साध्या १२ए इंजिनाच्या गाड्यांमधून हा कूलर गेला आणि त्याच्या जागी ऑइल फिल्टरच्या बैठकीवर एक छोटा डबा आला. तेल निववण्याचं काम आता वाऱ्याऐवजी इंजिनाचं पाणी करू लागलं. डब्याच्या आकारावरून मालक मंडळी त्याला ‘बीहाईव्ह’, म्हणजे मधमाश्यांचं पोळं, म्हणतात.

दुसऱ्या एखाद्या गाडीत असा बदल झाला असता तर मेकॅनिक सोडून कुणी त्याची दखल घेतली नसती. आरएक्स-७चं इंजिन मात्र रोटरी आहे, आणि रोटरी इंजिन तेलाच्या भरवशावर ज्या प्रकारे जगतं तसं दुसरं कोणतंही गाडीचं इंजिन जगत नाही. म्हणून चाळीस वर्षं उलटून गेल्यावरही या गाड्यांचे मालक तो डबा उतरवतात आणि कूलर पुन्हा नाकाखाली नेतात. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने हे काम काढलं, तेव्हा मी तिथे होतो. मित्र मूळचा सांगलीचा, पेशाने इंजिनिअर. त्याची गाडी १९८४ची.

आपल्याकडे माझदा हे नाव ऐकलं की स्वराज माझदाचे टेम्पो आणि शाळेच्या बस आठवतात. त्या गाड्यांना साधी डिझेल इंजिनं होती. रोटरी ही वेगळीच जात आहे, आणि तिच्यातली उष्णता कुठून येते आणि कुठे जाते हे कळल्याशिवाय तेलाच्या कूलरसाठी एवढी खटपट का, हे कळणार नाही.

या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. लांबट गोल, मधे किंचित दबलेल्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर फिरतो. त्याची तिन्ही टोकं भिंतीला सतत टेकलेली असतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात आणि फिरता फिरता लहानमोठे होत राहतात. एका ठिकाणी पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, पुढे ते दाबलं जातं, त्यापुढे पेट घेतं आणि शेवटी धूर बाहेर पडतो. रोटरचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत मधला दांडा तीन फेरे घेतो. १२ए इंजिनात असे दोन रोटर आहेत. प्रत्येकी ५७३ सीसी, मिळून ११४६ सीसी. एवढ्याशा इंजिनातून १०० अश्वशक्ती निघते, आणि वर-खाली आपटणारं काहीच नसल्यामुळे ते इतकं सुरेख फिरतं की वेग किती वाढला ते कानाला कळत नाही. लाल रेषेजवळ गेल्यावर वाजणारा एक बझर माझदाने त्यासाठीच बसवला होता.

या सुरेख फिरण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. पिस्टनच्या इंजिनात जिथे आग पेटते तिथेच पुढच्या खेपेला गार मिश्रण येतं, त्यामुळे भिंतींना श्वास घ्यायला अवसर मिळतो. रोटरीत प्रत्येक कामाची जागा ठरलेली. आग कायम स्पार्क प्लगांच्या बाजूलाच लागते, गार मिश्रण कायम दुसऱ्या बाजूने येतं. इंजिनाची एक बाजू जन्मभर तापलेली, दुसरी त्या मानाने गार. त्यात पेटण्याचा कप्पा लांब आणि चपटा, म्हणजे आगीला भिडणारा धातूचा पृष्ठभाग जास्त. आगीतली बरीच उष्णता काम करण्याऐवजी धातूत शिरते.

बाहेरच्या कवचातून पाणी फिरतं आणि ते कवच सांभाळतं. प्रश्न रोटरचा आहे. तो चहूबाजूंनी कोंडलेला. भिंतींना टेकतो तो बारीक सीलांपुरता, म्हणजे त्याची उष्णता भिंतीत उतरायला वाट अरुंद. आणि पाणी त्याच्यापर्यंत पोहोचवायची सोयच नाही. मग तिथे तेल जातं. मधला दांडा आतून पोकळ असतो. पंपाने दाबून पाठवलेलं तेल त्यातून वाहतं आणि बारीक जेटमधून रोटरच्या पोटात फवारलं जातं. रोटर आतून पोकळ आणि फासळ्यांचा. तेल त्या फासळ्यांवर आपटतं, रोटरबरोबर घुसळलं जातं, उष्णता उचलतं आणि खाली संपमध्ये गळतं. इंजिन गार ठेवण्यासाठी जेवढी उष्णता बाहेर काढावी लागते, तिच्यातली साधारण एकतृतीयांश अशी तेलातून जाते. रोटरी इंजिनाला कूलंट दोन आहेत, एक पाणी आणि दुसरं तेल, ही गोष्ट जुने रोटरी मेकॅनिक नव्या मालकाला पहिल्याच दिवशी सांगतात.

तेलाची कामं एवढ्यावर संपत नाहीत. हेच तेल बेअरिंगांना जातं. आणि याच तेलातला थोडासा भाग एक छोटा मीटरिंग पंप मोजून कार्बुरेटरमध्ये सोडतो, म्हणजे रोटरच्या टोकांवरची सीलं कोरडी घासू नयेत. ते तेल जळूनच जातं. रोटरीवाला पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून बघतो ती सवय म्हणून नव्हे, तेल कमी होणं हे या इंजिनाच्या रचनेतच धरलेलं आहे.

आता हे तेल प्रमाणाबाहेर तापलं तर काय होईल? ते पातळ होतं आणि बेअरिंगमधला त्याचा पडदा विरळ होतो. रोटरच्या पोटात ते पोहोचतं तेव्हा आधीच इतकं गरम असतं की तिथून फारसं काही उचलू शकत नाही. रोटरच्या दोन्ही अंगांना तेल अडवणाऱ्या कड्या असतात, त्यांच्या आत रबराच्या ओ-रिंग. त्या भाजून कडक झाल्या की तेल जळण्याच्या कप्प्यात झिरपतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. ती रिंग स्वस्त असते, पण तिच्यापर्यंत पोहोचायला सगळं इंजिन उतरवून उलगडावं लागतं.

रोटर गार ठेवायचा दुसरा मार्गही होता. जर्मनीतल्या फिख्टेल उंड झाक्स कंपनीने आत येणारं पेट्रोल-हवेचं मिश्रणच रोटरमधून फिरवून नेलं. १९७४मध्ये आलेल्या हर्क्युलिस डब्ल्यू-२००० मोटरसायकलचं इंजिन या जातीचं. रचना सोपी, पण मिश्रण वाटेतच तापून विरळ होतं आणि ताकद घटते. जर्मनीचीच एनएसयू, सुझुकी आणि माझदा या कंपन्या तेलाच्या वाटेने गेल्या. मला तेलाचाच मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो: उष्णता जिथे तयार होते तिथून ती उचलायची आणि गाडीबाहेर नेऊन सोडायची. फक्त या मार्गात शेवटचा टप्पा, म्हणजे बाहेर सोडण्याचा, कमकुवत ठेवून चालत नाही.

फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचं पहिलं रोटरी इंजिन एनएसयूच्या कारखान्यात १९५७मध्ये फिरलं. १९६१मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, त्याचा परवाना घेतला. अनेक कंपन्यांनी घेतला होता, टिकून राहिली ही. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस इंजिनिअर या एका कामाला जुंपले गेले. टोकांवरची सीलं थरथरत आणि आतल्या भिंतीवर आडवे चरे पडत. कारखान्यात त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सीलांचा धातू आणि रचना बदलत बदलत ते ओरखडे गेले आणि मे १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. १९७३च्या तेलसंकटाने पेट्रोल पिणाऱ्या या इंजिनाला जवळजवळ संपवलंच होतं. माझदाने तरी ते सोडलं नाही. १९७८मध्ये आरएक्स-७ काढली, हलकी, बुटकी, पुढच्या चाकांच्या अक्षामागे इंजिन असलेली. १९७९च्या डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिने आपला वर्ग जिंकला. १९८१मध्ये बेल्जियममध्ये स्पाची चोवीस तासांची शर्यत टॉम वॉकिन्शॉ आणि पिएर दिदोने यांनी आरएक्स-७मधूनच जिंकली. दिवसभर आणि रात्रभर पूर्ण वेगाने धावणाऱ्या इंजिनात तेलाचं तापमान हाताबाहेर गेलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

मराठी वाचकाला हे इंजिन परकं वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. डीआरडीओच्या ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी देशातच वांकेल इंजिन तयार झालं, त्यात नगरच्या व्हीआरडीई या संस्थेचा मोठा वाटा होता. एप्रिल २००९मध्ये कर्नाटकात कोलारजवळ, दुसऱ्या महायुद्धातल्या एका पडीक धावपट्टीवरून त्या इंजिनाने पहिलं उड्डाण केलं. हलक्या वजनात भरपूर ताकद, हाच गुण तिथेही कामाला आला.

परत बेकर्सफील्डला. हे गाव कॅलिफोर्नियाच्या मधल्या सपाट खोऱ्याच्या दक्षिण टोकाला आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. इथून लॉस एंजेलिसला जायचं तर ग्रेपवाइनचा चढ लागतो, सहा टक्के उताराचा, मैलोनमैल. माथ्यावरची तेहोन खिंड समुद्रसपाटीपासून साडेबाराशे मीटरच्या वर आहे. कसारा घाटात किंवा खंबाटकीत बॉनेट उघडून रेडिएटर निववत उभ्या राहिलेल्या गाड्या पाहिलेल्या माणसाला या रस्त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

बीहाईव्हचा दोष नेमका इथे उघडा पडतो. तेलाची उष्णता पाण्याला द्यायची म्हणजे तेल पाण्यापेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. इंजिनाचं पाणी ऐंशीच्या वर गेल्यावरच थर्मोस्टॅट पूर्णपणे उघडतो, तेव्हा तेल त्याच्याही वरच राहणार. चढावर पाणी तापलं की तेलही तापतं, आणि तेलाची सगळी उष्णता पुन्हा त्याच एका रेडिएटरच्या गळ्यात पडते. त्या डब्यात तेल आणि पाणी यांना वेगळं ठेवणारी सीलंही आता चाळिशी पार केलेली आहेत. ती गेली की रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो.

या रचनेचे फायदे खरे होते, तेही नोंदवायला हवेत. थंडीच्या देशात सकाळी पाणी लवकर तापतं आणि ते तेलालाही तापवतं. घट्ट थंड तेलावर चाललेलं इंजिन जास्त झिजतं, म्हणून हा फायदा लहान नाही. पुढे नाकाखाली दगड खाणारा कूलर नाही, लांब पाइप नाहीत, गळतीच्या जागा कमी. पण १९८४ आणि १९८५मध्ये माझदाने याच गाडीची जी ताकदवान आवृत्ती काढली, मोठ्या १३बी इंजिनाची जीएसएल-एसई, तिला कंपनीने पुन्हा पुढचा, वाऱ्याचा कूलरच दिला. माझ्या दृष्टीने याच्याइतकी स्पष्ट कबुली दुसरी नाही. जिथे उष्णता जास्त तिथे बीहाईव्ह पुरत नाही, हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक होतं.

मित्राच्या गॅरेजात मदतीला एक वयस्क अमेरिकन मेकॅनिक आला होता. त्याची उमेदीची वर्षं याच गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. कूलर कुठला घ्यावा यावर त्या दोघांची आधीच बोलणी झाली होती. वाटा तीन: १९८२पर्यंतच्या जुन्या गाडीचा मिळवायचा, १९८६पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७चा घ्यायचा, नाहीतर सेट्रॅब किंवा मोकाल अशा कंपन्यांचा नवाकोरा. मित्राला भंगारातून उतरवलेला दुसऱ्या पिढीचा एक कूलर स्वस्तात मिळत होता. म्हाताऱ्याने एकच विचारलं, ‘ज्या गाडीतून काढला तिचं इंजिन कशाने गेलं?’ ते कुणालाच सांगता येईना, तेव्हा त्याने तो घेऊ दिला नाही. इंजिन फुटतं तेव्हा धातूचा चुरा तेलाबरोबर कूलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो आणि कितीही धुतलं तरी सगळा निघाल्याची खात्री देता येत नाही. तो चुरा मग चांगल्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये उतरतो. इतिहास माहीत असलेला दुसरा कूलर मिळेपर्यंत मित्राने थांबायचं ठरवलं, आणि काम लांबलं तरी ते योग्यच झालं.

माझदाच्या कूलरचा एक मोठा गुण असा की त्याच्या अंगातच तापमानावर चालणारा बायपास व्हॉल्व्ह असतो. तेल गार असताना ते जाळीत न शिरता बाजूने निघून जातं आणि पुरेसं तापल्यावरच जाळीतून वळतं. बाहेरच्या कंपन्यांचे कूलर देखणे आणि कार्यक्षम असतात, पण हा व्हॉल्व्ह त्यांच्यात नसतो. तो वेगळा घेऊन पाइपात बसवावा लागतो. हे न करता नुसता मोठा कूलर लावला की हिवाळ्यात तेल तापतच नाही. तापमान कमी म्हणजे चांगलं, असा समज नव्या मालकांत फार आहे आणि तो इंजिनाला महागात पडतो. तेलात साचलेला दमटपणा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला त्याला पुरेसं तापावंच लागतं. शंभराच्या आतबाहेर ते स्थिर राहिलं की झालं.

काम हाताने करायचं, पण घाईने नव्हे. गाडी स्टँडवर, तेल काढलेलं, पाणी काढलेलं. बीहाईव्ह उतरवल्यावर त्याला जाणाऱ्या पाण्याच्या वाटा बंद कराव्या लागतात आणि फिल्टरच्या बैठकीत तेलाची वाट नव्याने जुळवावी लागते. बैठकीखालच्या ओ-रिंग त्याच वेळी बदलायच्या, कारण त्या पुन्हा इतक्या सहज हाताला लागत नाहीत. मग कूलर. तो रबराच्या बुशांवर टांगायचा, सरळ पत्र्याला आवळला तर कंपनांनी ॲल्युमिनियमला चिरा जातात. पाइप बसवताना दोन पाने लागतात, एकाने कूलरचं तोंड धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. ॲल्युमिनियमच्या तोंडाचे आटे एकदा गेले की सगळा कूलर वाया. मित्र एकाच पान्याने आवळायला निघाला तसा म्हाताऱ्याने न बोलता दुसरा पाना त्याच्या हातात दिला.

जुन्या लोखंडी नळ्यांऐवजी जाळीचं आवरण असलेले दहा नंबरचे एएन होज घेतले होते. आतला व्यास पुरेसा मोठा हवा, नाहीतर तेलाचा दाब वाटेतच पडतो. होज एक्झॉस्टपासून दूर, स्टिअरिंगच्या जोडांना न घासता आणि तीव्र वळण न देता न्यायचे. हे सांगायला एक वाक्य पुरतं, बसवायला मात्र त्या दिवसाचा बराचसा भाग लागला.

त्यानंतर जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कूलर बसला, जोडला, तरी म्हातारा समाधानी नव्हता. त्याने गाडीपुढे बसून कूलरच्या चारी बाजूंच्या फटी तपासल्या. वारा नेहमी सोपी वाट धरतो. कूलरची जाळी दाट असते, तिच्यातून जायला त्याला जोर लागतो. शेजारी बोटभर फट असली की तो तिकडूनच निसटतो आणि जाळी कोरडीच राहते. म्हणून बंपरच्या तोंडापासून कूलरपर्यंत पातळ पत्र्याचा बोगदा केला, कडांना फोम लावला. आत आलेला वारा मागून मोकळा बाहेर पडेल हेही पाहिलं, कारण मागे तो कोंडला तर पुढून येणारच नाही. जाळीचा आकार दुप्पट करण्यापेक्षा ही चार फुटांची पत्र्याची कामगिरी जास्त उपयोगाची असते, पण ती दिसत नाही आणि विकतही मिळत नाही, म्हणून ती बहुतेक गाड्यांत केलेली नसते.

इंजिनाच्या मधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाशी आणखी एक गंमत दडलेली असते, मेणाच्या गोळीवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह. इंजिन गार असताना तो थोडं तेल बाहेर सोडतो, त्यामुळे रोटरच्या जेटांना दाब कमी मिळतो आणि रोटर लवकर तापतो. तापल्यावर व्हॉल्व्ह बंद होतो आणि फवारा पूर्ण जोराने सुरू होतो. जुना होऊन तो बंद व्हायचाच थांबला तर पुढे कितीही चांगला कूलर असो, रोटरच्या पोटात तेल पुरेसं पोहोचत नाही. शर्यतीत गाडी घालणारे त्याच्या जागी घट्ट धातूचा तुकडा बसवतात. मित्राने मूळचाच व्हॉल्व्ह तपासून ठेवला. रस्त्यावरच्या गाडीला तोच शोभतो.

तेल भरताना कूलर आणि नव्या होजमध्ये जास्तीचं तेल मावतं हे धरून भरायचं. इंजिन लगेच पेटू द्यायचं नाही. इग्निशन तोडून नुसता स्टार्टर फिरवायचा, काट्यावर दाब दिसेपर्यंत. मग सुरू करायचं, गळती बघायची, बंद करून पुन्हा डिपस्टिक. दाबाचा काटा पूर्वीच्याच जागी आला तेव्हा म्हाताऱ्याने हात पुसायला घेतले.

नंतर एके दिवशी दुपारी दोनच्या उन्हात आम्ही ग्रेपवाइन चढलो. डॅशबोर्डवर मित्राने तेलाच्या तापमानाचा वेगळा मीटर आधीच बसवला होता, आणि डबा असताना याच चढावर तो काटा कुठे जायचा हे त्याला पाठ होतं. चढाच्या मध्यावर ट्रक रांगेने एका बाजूला रखडत होते. आमचा काटा सुरुवातीला सरकला, मग एका जागी थांबला आणि माथ्यापर्यंत तिथेच राहिला. त्यापेक्षा मला विशेष वाटलं ते पाण्याच्या काट्याचं. तोही खाली होता. तेलाचं ओझं उतरल्यावर रेडिएटर आपलं काम सुखाने करत होता. मित्र म्हणाला, ‘अरे, एसी लावून चढतोय आपण, बघितलंस का?’

उतरवलेलं बीहाईव्ह त्याने स्वच्छ करून, त्याची सीलं बदलून विकायला काढलं. ते मिशिगनच्या एकाने घेतलं. त्याची गाडी १९८३ची, मूळ अवस्थेत राखलेली, सपाट रस्त्यावर आणि बर्फाच्या हंगामाच्या आगेमागे चालणारी. त्याच्या डब्यात तेल-पाणी एकत्र झालं होतं आणि त्याला दुसरा डबा हवा होता, पुढचा कूलर नको होता.